माणूस म्हणजे कोणीही

भूसंपादनाचा कागद गावात येतो तेव्हा त्यात माणसाला अनेक नावे असतात. भोगवटादार, खातेदार, सहहिस्सेदार, हितसंबंधी व्यक्ती, बाधित कुटुंब. ‘माणूस’ हे नाव त्यात नसते. मुळशी तालुक्याला हे कागद नवे नाहीत. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमापाशी शंभर वर्षांपूर्वी धरणाची भिंत उभी राहिली, पुढे हिंजवडीच्या शेतांत माहिती-तंत्रज्ञानाची नगरी वसली, मोसे खोऱ्यात लवासाच्या नावाने डोंगर कापले गेले, आणि आता पुण्याभोवतीच्या रिंग रोडची पश्चिमेकडची आखणी मावळ, मुळशी, हवेली, भोर अशी याच डोंगरउतारांवरून जाते आहे. प्रत्येक वेळी मोजणी जमिनीची झाली आणि वाद दराचा झाला. या जमिनीवरच्या माणसांत नेमके कोणाकोणाला धरायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी, बहुधा उशीर झाल्यावर, विचारला गेला.

हा प्रश्न भूसंपादनाच्या कायद्याहून फार जुना आहे. सर्वांच्या तोंडी असलेला माणूस या अर्थाचा साधा शब्द सत्तेच्या, धर्माच्या किंवा कायद्याच्या भाषेत नेला म्हणजे त्याचे काय होते, याचा अतिशय दीर्घ लेखी पुरावा एका अरामी शब्दापाशी सापडतो, आणि अरामीच्या प्रवासाचे एकदोन टप्पे थेट पुण्यातून गेलेले आहेत.

इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात उत्तर सीरियातल्या सफीरे येथे राजाराजांमधले करार दगडांवर कोरले गेले. त्यांतल्या एका कलमात ‘बर एनाश’ हा प्रयोग येतो. ‘एनाश’ म्हणजे माणसे, मानवजात. ‘बर’ म्हणजे मुलगा. परंतु सेमिटिक भाषांत अमक्याचा मुलगा म्हणजे अमक्या वर्गातला एक, त्यामुळे ‘बर एनाश’ याचा अर्थ कोणा बापाचा मुलगा असा नसून माणसांपैकी एक, कोणीही माणूस, एवढाच होता. हिब्रूतले ‘बेन आदाम’ तसेच. यहेज्केल या संदेष्ट्याला देव नव्वदाहून अधिक वेळा याच शब्दांनी हाक मारतो आणि त्या हाकेत गौरव नसतो, तू मर्त्य आहेस ही आठवण असते. आपल्याकडे याला समांतर अशी घडण आहे, पण ती इतकी अंगवळणी पडली आहे की लक्षातच येत नाही. मनुष्य आणि मानुष हे दोन्ही शब्द मनूपासून आले, म्हणजे रचनेने ते मनूचे अपत्य सांगणारे. पाणिनीने त्यांची व्युत्पत्ती लावताना मात्र अर्थ ‘जाती’ असा दिला. प्रत्यय वंशाचा, आशय अख्ख्या मानवजातीचा. मानुषातून प्राकृताच्या वाटेने आलेला आपला ‘माणूस’ हा अशा रीतीने ‘बर एनाश’चा अगदी जवळचा भाऊबंद ठरतो.

या दोन शब्दकुळांना इतिहासाने एकदा एकाच राजाच्या तोंडी आणले. हखामनी साम्राज्याच्या कचेऱ्यांची भाषा अरामी होती आणि ते साम्राज्य बुडाल्यावरही वायव्येकडे ती वापरात राहिली, म्हणून अशोकाने आपला धम्म सांगताना कंदाहारजवळ ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत लेख कोरविला. १९५८ साली तो उजेडात आला. राजाच्या आचरणामुळे सर्व माणसांसाठी दुरित कमी झाले असे तो सांगतो, आणि त्या ‘सर्व माणसां’साठी अरामी भागात शब्द आहे तो ‘एनाश’चाच अनेकवचनी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सोपारा येथे याच राजाच्या आज्ञांचे तुकडे सापडले. पहिला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना. पूर्वेकडे कलिंगात, धौली आणि जौगड येथे, सर्व ‘मुनिस’ माझी मुले आहेत असे त्याने कोरविले. कंदाहारचा ‘एनाश’ आणि कलिंगचा ‘मुनिस’ यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर होते, तरी दोन्ही ठिकाणी राजाला अभिप्रेत असलेला शब्द रोजच्या बोलण्यातला, कोणालाही लागू पडणारा होता, आणि साम्राज्याच्या भाषेला हे क्वचितच साधलेले आहे.

तरीही याच लेखांत एक मौन आहे, आणि ते विसरून अशोकाचे गुणगान करणे अपुरे ठरेल. कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हलविली गेली, असे सांगणारा तेरावा शिलालेख इतर ठिकाणी कोरला गेला; धौली आणि जौगड येथे, ज्यांच्यावर ते युद्ध लादले गेले त्यांच्या डोळ्यांसमोर, तो कोरला गेला नाही. तेथे त्याच्या जागी पितृत्वाची घोषणा आली. सर्वांना आपली मुले म्हणणारी सत्ता आणि हलविलेल्यांची संख्या त्यांच्याच गावात न सांगणारी सत्ता एकच होती. विस्थापितांचा आकडा दूर कोठेतरी नोंदविला जातो आणि जवळच्यांना आश्वासन मिळते, हा व्यवहार तेव्हापासून चालत आलेला आहे.

यानंतर सुमारे शतकभराने अरामी शब्दाचे पहिले मोठे स्थित्यंतर झाले. दानीएलच्या पुस्तकातला सातवा अध्याय अरामीत आहे. सीरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने यरुशलेमच्या मंदिराची विटंबना केली त्या काळात, इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपास, त्याला आजचे रूप आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात एकामागून एक येणारी साम्राज्ये हिंस्र पशूंच्या रूपात समुद्रातून वर येतात आणि अखेरीस आकाशातल्या मेघांसह ‘बर एनाश’सारखा, म्हणजे माणसासारखा दिसणारा, कोणी एक येतो व त्याला कायमचे राज्य मिळते. दृष्टान्ताचे सारे बळ विरोधात आहे: सत्ता पशू आहेत, न्याय माणसासारखा आहे. पण दृष्टान्त पुन्हापुन्हा वाचला गेला तसतसा ‘माणसासारखा’ यातला ‘सारखा’ झिजत गेला, आणि साधा माणूस सांगणारा शब्द एका विशिष्ट, वाट पाहिल्या जाणाऱ्या पुरुषाची खूण बनू लागला.

येशू गालीलात अरामी बोलत होता. शुभवर्तमाने ग्रीकमध्ये लिहिली गेली, आणि त्यांत तो स्वतःचा उल्लेख ज्या शब्दांनी करतो त्यांचा ग्रीक तर्जुमा शब्दाला शब्द ठेवून झाला: माणसाचा तो पुत्र. ग्रीक कानाला ही रचना परकी होती. तेथे ‘चा पुत्र’ म्हणजे खरोखरचा पुत्र, आणि त्याआधी निश्चयवाचक उपपद लागले म्हणजे तो कोणी एकमेव. पुढे काय झाले ते या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आहे. शुभवर्तमाने सुरियानीत आली, म्हणजे अरामीच्याच एका पूर्वेकडील शाखेत. माणूस म्हणण्यासाठी त्या भाषेत ‘बरनाशा’ हा एकजीव झालेला रोजचा शब्द होता. तरी पेशित्ता या प्रमाण सुरियानी बायबलात येशूच्या तोंडी तो शब्द न ठेवता ‘ब्रेह द-नाशा’, माणसाचा तो पुत्र, अशी ग्रीकच्या साच्यातली जड रचना केली गेली. शब्द आपल्या घरी परत आला तेव्हा घरच्यांनी त्याला पदवीने हाक मारली.

मार्काच्या शुभवर्तमानातला शब्बाथाचा प्रसंग यासाठीच महत्त्वाचा वाटतो. भुकेले शिष्य शेतातून जाताना कणसे तोडतात, विश्रांतीच्या दिवशी हे निषिद्ध म्हणून आक्षेप येतो, आणि उत्तर असे मिळते की दिवस माणसासाठी केलेला आहे, माणूस दिवसासाठी नाही. त्यामुळे माणसाचा पुत्र दिवसाचाही धनी. पहिल्या अर्ध्या भागात माणूस म्हणजे कोणीही आणि दुसऱ्यात एकाएकी एकच अद्वितीय व्यक्ती, हा सांधा ग्रीकमध्ये ठेचाळतो. दोन्हीकडे मुळात ‘बरनाशा’ असावे आणि नियमापेक्षा भुकेला माणूस मोठा, कोणीही असो, असा सरळ अर्थ असावा, असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक अभ्यासकांनी सुचविले. १९६० च्या दशकात ऑक्सफर्डच्या गेझा वर्मेश यांनी अरामी उदाहरणे गोळा करून हा प्रयोग बोलणाऱ्याने स्वतःविषयी आडवळणाने बोलण्याचा असल्याचे मांडले. त्यांची उदाहरणे उत्तरकालीन असल्याचा आक्षेप जोसेफ फिट्झमायर यांनी घेतला. तो वाद संपलेला नाही. श्रद्धावंताला दानीएलच्या दृष्टान्ताचे तेज त्या शब्दात दिसते, आणि ते खोटे ठरविण्याचे कारण नाही. परंतु पदवीचे तेज जितके वाढले तितका शब्दातला भुकेला ‘कोणीही’ अंधारात गेला, ही नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

मराठीत माणसाच्या शब्दांची उलथापालथ दफ्तरांनी केली. बहामनी आणि त्यानंतरच्या राजवटींत अरबी-फार्सीतून ‘आदमी’ आला, तो आदामाचा वंशज म्हणून. ‘इन्सान’ परिचयाचा झाला आणि त्याच्याच परिवारातला अरबी ‘उनास’ हा ‘एनाश’चा सख्खा भाऊ. दफ्तराला मात्र यांपैकी कोणी पुरेसे वाटले नाही. त्याला हवा होता ‘इसम’, ज्याचा मूळ अर्थ नाव. त्याला हवा होता ‘असामी’, ज्याचा मूळ अर्थ नावे. ज्याचे नाव यादीत आहे तो माणूस, ही कल्पना दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहे, आणि पोलिसांच्या पंचनाम्यात आजही ‘अनोळखी इसम’ सापडतो, म्हणजे ज्याचे नाव ठाऊक नाही असा नाववाला. गावगाड्यात बलुतेदार, उपरी, मिरासदार, कुळ असे प्रत्येकाला कामाने वा हक्काने ठेवलेले नाव होते. या साऱ्यांत व्यवहाराची सोय होती. ज्याला असे नाव नव्हते त्याच्यासाठी त्या कागदांत जागा नव्हती.

ख्रिस्ती वाङ्मय मराठीत आले ते गोव्याच्या बाजूने. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ चे, ओव्यांतले, वैकुंठासारखे शब्द निःसंकोच घेणारे. बायबलाचे भाषांतर त्यानंतर दोन शतकांनी. बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८११ मध्ये नवा करार निघाला. १८१३ पासून मुंबईत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल छापले. त्या परंपरेत ‘मनुष्याचा पुत्र’ स्थिर झाले. ग्रीकला ते प्रामाणिक आहे यात शंका नाही. तरी मनुष्य हा शब्दच मनूच्या अपत्याचा, त्यावर पुन्हा पुत्र. दोनदा सांगितलेल्या वंशाच्या ओझ्याखाली, ‘माणसाचे लेकरू’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात जी सहज कणव उमटते, ती त्यातून उमटत नाही.

अरामीतून मराठीत थेट येणारा दुसरा एक प्रवाह मात्र मिशनऱ्यांचा नव्हता, आणि त्याचे ठिकाण पुणे होते. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल यहुदी मराठी बोलत आले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हाग्गादा ही पोथी १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया नऊवारी नेसलेल्या आहेत. हाग्गादा हिब्रूत असली तरी तिच्या आरंभीचे आवाहन अरामीत आहे, आणि त्याचे परंपरेने दिले जाणारे एक कारण असे की हिब्रू न समजणाऱ्या सामान्य माणसालाही ते कळावे. त्या आवाहनाचा आशय असा, की जो जो भुकेला असेल त्याने यावे आणि जेवावे. कोणाचा कोण, कोणत्या कुळाचा, असे त्यात विचारलेले नाही. १८७३ मध्ये याच शहरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. पुढे सार्वजनिक सत्यधर्म लिहिताना नुसते ‘मनुष्य’ म्हणून भागत नाही, स्त्री आणि पुरुष अशी दोघांची नावे घ्यावी लागतात, हे त्यांनी पानोपानी दाखवून दिले. हे दोन प्रयत्न एकमेकांना ठाऊक होते असे म्हणण्याला आधार नाही. तरी एका दशकातल्या एका शहराने ‘माणूस’ या शब्दाची व्याप्ती वाढविण्याचा प्रयत्न दोन परस्परांपासून दूरच्या अंगणांत एकाच वेळी केला, ही पुण्याच्या इतिहासातली फारशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे.

पंडिता रमाबाईंकडे त्याच ओळीत पाहिले पाहिजे. संस्कृतात पारंगत, कोलकात्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरविलेल्या, आईवडील दुष्काळात उपासमारीने गेलेले पाहिलेल्या या बाईंनी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला केडगाव येथे मुक्तिसदन उभारले आणि दुष्काळातून आणलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला. आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता, आणि तो घेणारी व्यक्ती स्वतः संस्कृतची पंडिता होती, याचे मोल फार आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात, तेथल्याच स्त्रियांच्या हातून छापले जाऊन ते भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडले. भाषांतर कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधी ठरविले आणि शब्द नंतर निवडले.

१९२१ ते १९२४ ही वर्षे त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कशी गेली, हे आता आठवावे. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने मुळशीला धरण योजिले. आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठीही सरकारला जमीन घेता येत होती. सुमारे पन्नास गावे आणि अकरा हजारांच्या आसपास मावळे त्यात सापडले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. शिवराम महादेव परांजपे त्यासाठी तुरुंगात गेले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा खोऱ्यात घुमली. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९२४ मध्ये बापटांच्या अखेरच्या अटकेनंतर लढा विझला.

त्या पराभवाची कारणे सांगताना सत्तेचे बळ आणि पुढाऱ्यांतले मतभेद सांगितले जातात, ते बरोबरच आहे. पण मुळाशी एक शब्द होता, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भरपाई कोणाला, याचे कायद्यातले उत्तर होते ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’. व्याख्या वरवर रुंद होती. भरपाईत हितसंबंध सांगणारा प्रत्येक जण तिच्यात येत होता. प्रत्यक्षात हितसंबंध सिद्ध करायचा तो कागदाने, आणि मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनीचा कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत होता. आंबेमोहोराची खाचरे पिढ्यान्‌पिढ्या लावणारा मावळा अनेक ठिकाणी कुळ होता किंवा कर्जापोटी स्वतःच्याच शेतावर राबणारा होता. म्हणून दर वाढवून तडजोड करावी असे म्हणणारा पक्ष आणि जमीन सोडणारच नाही म्हणणारा पक्ष यांच्यातली फूट ही केवळ मवाळ-जहाल फूट नव्हती. एका बाजूला ज्यांना कायदा माणूस मानत होता ते होते, आणि दुसरीकडे ज्यांना तो मानत नव्हता ते. केडगावला एक विदुषी निरक्षर बाईला कळेल असा शब्द शोधत होती, आणि त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, निरक्षर मावळ्याला वगळण्यास एक शब्द पुरेसा पडत होता.

मुळशीचे पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरले आणि १९२७ मध्ये भिऱ्याच्या केंद्रात वीज निघू लागली. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षी, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले आणि हा लढा नुसत्या पाण्याचा नसून माणूसपणाचा असल्याचे स्पष्ट केले. २५ डिसेंबरला, ज्या मनूच्या नावावरून मनुष्य हा शब्द आला त्याच्याच नावाचा ग्रंथ तेथे जाळला गेला. त्या दहनाचा अर्थ शब्दाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही लावता येतो. ‘मनूची अपत्ये’ ही ज्या शब्दाची व्युत्पत्ती त्याचा अर्थ पाणिनीने अख्खी जात असा दिला होता. मनूच्या नावाने चाललेल्या धर्मशास्त्राने त्या जातीच्या आत उतरंड बसविली. महाडला मागणी झाली ती त्या शब्दाची मूळची व्याप्ती परत मिळविण्याची.

आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानात ही मागणी कायद्याची भाषा बोलू लागली. चौदावा आणि एकविसावा अनुच्छेद नागरिकाविषयी बोलत नाहीत, ते व्यक्तीविषयी बोलतात: कोणत्याही व्यक्तीला समानता नाकारता येणार नाही, कोणत्याही व्यक्तीचे जीवित कायद्याच्या रीतीवाचून हिरावता येणार नाही. ‘कोणतीही’ हे विशेषण तेथे ‘बर एनाश’चे काम करते. मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात मोडतो असे मानले, तेव्हा ज्याच्यापाशी जमिनीचा तुकडाही नाही तो त्या ‘कोणत्याही’त आहे हे मान्य झाले. त्या माणसांना जागा मात्र सोडावीच लागली.

पुनर्वसनाच्या कायद्यांची वाट याहून खडतर होती. कुळांना मालकी देणारा १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन मुळशीच्या बुडालेल्या खाचरांना उपयोगी पडणारे नव्हते. ती तीस वर्षांपूर्वीच पाण्याखाली गेली होती. कोयना आणि त्यानंतरच्या धरणांच्या दीर्घ अनुभवानंतर महाराष्ट्राने १९७६ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला, १९८६ आणि १९९९ मध्ये नवे केले, आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द गावागावांत रुळला. तो दाखल्याचा शब्द झाला. तो दाखला नोकरीच्या अर्जाला जोडायचा, वारसाच्या नावे करायचा, त्यासाठी कचेरीत खेटे घालायचे. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने शेतमजूर, कुळे, बटाईदार, कारागीर, वनावर जगणारे अशा, जमीन नावावर नसलेल्या पण संपादनापूर्वी तीन वर्षे तेथे राबून जगणाऱ्या कुटुंबांना ‘बाधित’ मानले, आणि बहुतेक प्रकल्प घेण्याआधी अशी कुटुंबे किती, याची मोजणी सामाजिक परिणाम मूल्यांकनात बंधनकारक केली. नव्वद वर्षांनी मुळशीच्या मावळ्याला कायद्याने ओळखले असे त्या वेळी म्हणता आले असते.

ते फार काळ म्हणता आले नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून पायाभूत सुविधांसह अनेक प्रकारच्या प्रकल्पांना त्या मूल्यांकनातून सूट देण्याची मुभा सरकारला दिली. व्याख्या पुस्तकात तशीच राहिली. व्याख्येत बसणाऱ्याला शोधण्याचे साधन काढून घेण्याची वाट मोकळी झाली. सुरियानी भाषांतरकारांनी ‘बरनाशा’ हा शब्द भाषेतून पुसला नव्हता, नेमक्या जागी तो वापरला नाही, एवढेच. शब्द असणे आणि तो लागू करणे यांतले अंतर सर्व काळांत सारखेच घातक ठरलेले दिसते.

मुळशीत या अंतराचे नाव कातकरी आहे. महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समूहांपैकी हा एक. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर, कामही दुसऱ्याच्या शेतावर, वीटभट्टीवर, मासेमारीवर. वनहक्काचा २००६ चा कायदा त्यांच्यापैकी काहींना पोहोचला, पुष्कळांना नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात ज्यांचे नाव पिढ्यान्‌पिढ्या आले नाही त्यांच्याकडे तीन वर्षे राबल्याचा पुरावा म्हणून कागदच मागितला, तर २०१३ ची व्याख्या १८९४ च्या व्याख्येत परत जाते.

पौडच्या तहसील कचेरीतून यापुढे या तालुक्यात ज्या ज्या प्रकल्पासाठी याद्या निघतील, रस्त्याच्या असोत वा जलाशयाच्या, त्यांत खातेदाराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा: या जागेवर प्रत्यक्ष कोण राहते आणि कोण राबते. त्याखाली उतारा मागू नये. शेजाऱ्यांची आणि वाडीतल्या माणसांची साक्ष पुरेशी मानावी, कारण पंचनामा हे साधन आपल्या प्रशासनाला परके नाही आणि अनोळखी इसमाचीही नोंद ते साधन घेते. यादी मोजणीचे खुंट रोवण्यापूर्वी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, वाडीवर वेगळी वाचावी, आणि ज्याचे नाव राहिले असे कोणीही सांगेल त्याची त्याच बैठकीत भर घालावी.